कार्टूनमधली ठोकळेबाज पात्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठोकळेबाज पात्र नेमकं कशाला म्हणायचं?

पात्राचा वर्ण, लिंग, वय, अंगकाठी किंवा बोलण्याची ढब दिसली की त्याचा स्वभाव, त्याची अक्कल आणि कथेतलं त्याचं काम आपोआप ठरून जातं, तेव्हा ते पात्र ठोकळेबाज झालं असं समजावं. जाडा म्हणजे खादाड, चष्मेवाला म्हणजे हुशार पण भित्रा, एकटी राहणारी म्हातारी म्हणजे चेटकीण, चेहऱ्यावर व्रण म्हणजे खलनायक.

ओळखायची खूण सोपी आहे. त्या पात्राची ती एक गोष्ट बाजूला काढा आणि मागे काय उरतं ते पाहा. जाड मुलगा कथेत असणं यात काहीच वावगं नाही. पण त्याला भुकेपलीकडे एकही इच्छा, एकही भीती, एकही मित्र नसेल, तर लेखकाने माणूस लिहिलेलाच नाही.

पण कार्टून म्हणजे अतिशयोक्तीच ना? मग तक्रार कसली?

अतिशयोक्तीबद्दल तक्रार नाहीच. ॲनिमेशनचा जीवच तिच्यात आहे. सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या जुन्या कार्टूनपटांना जेमतेम सहा-सात मिनिटं मिळायची. तेवढ्यात पात्र ओळखीचं व्हायला हवं, त्याच्यावर संकट यायला हवं आणि लोक हसायलाही हवेत. म्हणून चित्रकार आकारांतून बोलतात: गोल गाल म्हणजे प्रेमळ, टोकदार हनुवटी म्हणजे धोका. नुसती काळी बाह्याकृती दाखवली तरी पात्र ओळखू आलं पाहिजे, हा तर या क्षेत्रातला पहिला धडा.

खरा प्रश्न एवढाच, की फुगवून दाखवलं काय जातंय. डोनाल्ड डकचा संताप हा डोनाल्डचा संताप आहे. तो पाहून बदकांबद्दल कुणी मत बनवत नाही. पण एका अख्ख्या समाजाचे ओठ, डोळे किंवा उच्चार फुगवले, की ती थट्टा त्या एका पात्रापुरती राहत नाही.

हे साचे आले कुठून?

बरेचसे रंगमंचावरून आले. 1830 च्या दशकात अमेरिकेत थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून 'जिम क्रो' नावाचं पात्र नाचत-गात रंगवायचा. त्यातून 'मिन्स्ट्रेल शो' हा लोकप्रिय प्रकार फोफावला: काळा केलेला चेहरा, रंगवून मोठे केलेले ओठ, विस्फारलेले डोळे, पांढरे हातमोजे आणि आळशी, भोळसट, चोरट्या कृष्णवर्णीयांचे विनोद. पुढे कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांनाही 'जिम क्रो' हेच नाव चिकटलं.

1920-30 च्या दशकांत कार्टूनपट बहरत होते, तेव्हा ही करमणूक चित्रकारांच्या अंगवळणी पडलेली होती. मिकी माउसच्या हातात मोजे आले ते 1929 मध्ये. काळ्या अंगावर काळे हात दिसत नाहीत, ते उठून दिसावेत, हा त्यामागचा व्यवहार खराच. पण काळा चेहरा, रुंद तोंड आणि पांढरे मोजे हा अख्खा संच मिन्स्ट्रेलच्या रंगमंचावर आधीपासून तयार होता, हे निकोलस सॅमंड यांच्यासारख्या अभ्यासकांनी सविस्तर मांडलं आहे. 1941 च्या 'डम्बो'मध्ये कावळ्यांच्या म्होरक्याचं नाव निर्मितीच्या काळात 'जिम क्रो' असंच होतं आणि त्याला आवाज दिला होता एका गोऱ्या गायकाने.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे युद्ध. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी स्टुडिओंनी पुढे आलेल्या दातांचे, जाड भिंगांच्या चष्म्यांचे जपानी सैनिक ढिगाने रंगवले. शत्रू माणूस वाटू नये, ही तेव्हाच्या प्रचाराची गरज होती. युद्ध संपलं तरी ते दात आणि तो चष्मा कितीतरी वर्षं पडद्यावर राहिले. काही साचे तर युद्धाआधीचेच: 1933 च्या 'थ्री लिटल पिग्ज'मध्ये लांडगा ज्यू फेरीवाल्याचं सोंग घेऊन दार ठोठावतो. तो प्रसंग 1948 मध्ये पुन्हा चित्रित करावा लागला, तोवर युरोपात ज्यूंसोबत काय घडून गेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

'टॉम अँड जेरी'मध्ये आक्षेप घेण्यासारखं काय आहे? आम्ही तर त्यावरच वाढलो.

1940 च्या पहिल्या भागापासून 1952 पर्यंत टॉमच्या घरात एक कृष्णवर्णीय मोलकरीण दिसते. दिसते म्हणजे काय, तर जाडजूड पाय, सपाता, ॲप्रन आणि हातात झाडू. चेहरा जवळजवळ कधीच नाही. कॅमेरा मांजराच्या उंचीवर आहे हे कारण अर्धंच पटतं. कारण त्या पायांवर जे शरीर आणि जी बोली चढवली आहे, ती शंभर वर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या 'मॅमी'ची आहे: दांडगी, खेकसणारी, मालकांच्या घराशी इमानी आणि स्वतःचं घर नसलेली. तिला आवाज दिला होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने.

रँडॉल्फ यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. त्या काळात कृष्णवर्णीय अभिनेत्रींसाठी दुसरं दार उघडंच नव्हतं. अशाच मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना 1940 मध्ये ऑस्कर मिळालं, आणि त्याच सोहळ्यात त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं गेलं.

1960 च्या दशकात टीव्हीसाठी काही भाग दुरुस्त केले गेले. मोलकरणीच्या जागी सडपातळ गोरी बाई रंगवली, आवाजही बदलला. ही दुरुस्ती मला मूळ चित्राइतकीच खटकते. आक्षेप होता तो त्या बाईला माणूस म्हणून रंगवलं नाही यावर, आणि उपाय म्हणून तिलाच पुसून टाकलं.

दुसरी गोष्ट दोन-तीन सेकंदांची आहे. स्फोट होतो, धूर ओसरतो आणि टॉमचा चेहरा काळाठिक्कर, ओठ जाड, डोक्यावर उभ्या राहिलेल्या वेण्या. लहान मूल हसतं कारण त्याला काजळी दिसते. पण काजळीने ओठ जाड होत नाहीत आणि वेण्याही येत नाहीत. हे चित्र सरळ मिन्स्ट्रेलच्या रंगमंचावरून उचललेलं आहे. असे विनोद असलेले काही भाग पुढे कापून दाखवले गेले, तर काही संग्रहांतून वगळले गेले.

मुलांना हा इतिहास माहीतच नसतो. मग परिणाम कसा होईल?

इतिहास माहीत नसला तरी चित्र लक्षात राहतं, आणि सोबत इतिहास नसल्यामुळे ते 'असंच असतं' म्हणून लक्षात राहतं. मोठ्या माणसाला निदान शंका येऊ शकते. चार वर्षांच्या मुलाने त्या समाजाचा खरा माणूस पाहिलेलाच नसेल, तर ते चित्र हीच त्याची पहिली ओळख.

मुलं किती लवकर शिकतात याचे पुरावे आहेत. 1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मुलांपुढे रंग सोडून सगळं सारखं असलेल्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी 'चांगली' म्हणून गोरी बाहुली दाखवली. 2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मुलांना 'खूप खूप हुशार' माणसाची गोष्ट सांगून, हा माणूस यांपैकी कोण असेल, असं विचारलं होतं. पाच वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच सहज बाईकडे बोट दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घसरलेलं होतं.

अर्थात हे एकट्या कार्टूनने होत नाही. घर, शाळा, खेळणी, जाहिराती सगळ्यांचा हात असतो. 'कार्टूनमुळे मुलं बिघडली' असं सरसकट विधान कुणी केलं तर मी त्याच्या बाजूने उभी राहणार नाही. उदाहरणच द्यायचं तर, अमेरिकेत सारा कॉइन यांच्या गटाने 2016 मध्ये मांडलं, की डिस्नेच्या राजकन्यांच्या विश्वात रमणारी लहान मुलं वर्षभरानंतर जास्त 'मुलींसारखं' वागताना दिसली. याच गटाने 2021 मध्ये पुढचं निरीक्षण मांडलं: लहानपणी राजकन्यांत रमलेली मुलं दहा-अकराव्या वर्षी पुरुषीपणाच्या कडक कल्पना कमी मानत होती. परिणाम सरळ रेषेत जात नाही, म्हणून तर बघणाऱ्याशी बोलणं महत्त्वाचं ठरतं.

राजकन्यांच्या चित्रपटांत तर मुलगीच नायिका असते. तिथे काय अडचण?

नायिका कोण ते पाहून झालं की बोलतं कोण तेही पाहावं. कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या भाषा-अभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतले संवाद मोजले. 1937 च्या 'स्नो व्हाइट'मध्ये संवाद स्त्री-पुरुषांत साधारण निम्मे-निम्मे होते. 1989 च्या 'द लिटल मर्मेड'मध्ये 68 टक्के संवाद पुरुषपात्रांना, 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये 71 टक्के आणि 'अलादीन'मध्ये तब्बल 90 टक्के. पन्नास वर्षं उलटून नायिका धीट झाली, पुस्तकं वाचू लागली, बंड करू लागली, पण तिच्याभोवतीचे शिपाई, दुकानदार, मित्र, बोलके प्राणी, अगदी बोलकी मेणबत्तीसुद्धा पुरुष. मुद्दाम कुणी ठरवलं असेल असं नाही. 'एक विनोदी पात्र हवं' म्हटलं की हाताखालून आपोआप पुरुष उतरतो, आणि साचा म्हणतात तो यालाच.

लेखिका काथा पॉलिट यांनी 1991 मध्ये याच्या दुसऱ्या रूपाला 'स्मर्फेट तत्त्व' असं नाव दिलं. स्मर्फ या निळ्या, बुटक्या कार्टून-पात्रांच्या गावात कुणी विद्वान, कुणी चिडका, कुणी आळशी, कुणी बलवान, आणि एक मुलगी, स्मर्फेट. इतरांना स्वभाव आहे, तिला फक्त मुलगी असणं आहे.

खलनायकांच्या बोलण्याबद्दल नेहमी का बोललं जातं?

कारण मुलं चित्राइतकंच कानांनी शिकतात. रोझिना लिपी-ग्रीन यांनी 1997 च्या पुस्तकात डिस्नेचे 24 चित्रपट तपासले. परक्या ढबीत इंग्रजी बोलणारी पात्रं दुष्ट निघण्याचं प्रमाण अमेरिकी ढबीच्या पात्रांपेक्षा बरंच जास्त होतं. 1992 चा 'अलादीन' हे ठळक उदाहरण. गाव एकच, पण नायक-नायिका अमेरिकी मुलांसारखी बोलतात आणि बाजारातले पहारेकरी, व्यापारी जड अरबी ढबीत. सुरुवातीच्या गाण्यात चेहरा आवडला नाही तर कान कापतात अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकन संघटनेच्या आक्षेपानंतर 1993 च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली. त्या भूमीला रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला, तो 2019 च्या नव्या चित्रपटात बदलला गेला.

डबिंगमध्येही हेच होतं. नायकाला प्रमाण भाषा, नोकराला किंवा वेंधळ्याला एखाद्या भागाची बोली. ती बोली घरी बोलणाऱ्या मुलाला त्यातून काय कळतं, हे डबिंगच्या टेबलावर बसलेल्यांनी एकदा स्वतःला विचारायला हवं.

आणि व्रण, व्यंग, बायकी हावभाव?

हेही तेच. 'द लायन किंग'मधल्या खलनायकाला नावच 'स्कार', म्हणजे व्रण. भाजलेला चेहरा किंवा तुटलेला हात दुष्टपणाची खूण म्हणून इतका वापरला गेला, की 2018 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने चेहऱ्यावर व्रण असलेल्या खलनायकांच्या चित्रपटांना यापुढे पैसे देणार नाही असं जाहीर केलं. बायकी हावभावांचे खलनायक हा हॉलिवूडच्या जुन्या नियमावलीचा वारसा. 1930 च्या दशकापासून 1961 पर्यंत समलिंगी पात्र उघडपणे दाखवता येत नव्हतं, आडून दाखवायचं तर ते हास्यास्पद किंवा दुष्ट म्हणूनच.

अपूवर एवढा गदारोळ का झाला? तो तर मालिकेतला चांगला माणूस होता.

होता, आणि म्हणूनच हे उदाहरण इतर सगळ्यांपेक्षा जास्त विचार करायला लावतं. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू 1990 पासून पडद्यावर होता. कष्टाळू, संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, कुटुंबवत्सल. लेखकांनी त्याला खलनायक केलं नाही, मूर्खही केलं नाही. पण त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या कलाकाराने काढला होता, आणि ती ढब हाच विनोद होता.

विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी 2017 मध्ये यावर माहितीपट केला. त्यांचं म्हणणं मला अगदी बरोबर वाटतं. त्या काळात अमेरिकी टीव्हीवर भारतीय वंशाचं दुसरं चेहऱ्याचं पात्र जवळपास नव्हतंच. त्यामुळे शाळेच्या मैदानावर भारतीय दिसणारं प्रत्येक मूल अपू ठरलं. त्याच्या आईवडिलांचं बोलणं अपूचं बोलणं ठरलं. याच मालिकेत गोरी पात्रं शेकड्यांनी आहेत: आळशी बाप, भ्रष्ट महापौर, दुष्ट उद्योगपती. मालिकेतला बाप होमर आळशी म्हणून सगळे गोरे बाप आळशी, असं कुणाच्या मनात येत नाही, कारण शेजारीच दुसरा गोरा बाप उभा आहे. अपूच्या शेजारी कुणी नव्हतं. ज्या समाजाचं पडद्यावर एकच पात्र असतं, त्या पात्राच्या डोक्यावर अख्खा समाज बसवला जातो, आणि ते ओझं कितीही चांगल्या लेखनाने हलकं होत नाही.

अझारियांनी 2020 मध्ये तो आवाज सोडला आणि 2021 मध्ये जाहीर माफी मागितली.

त्या समाजालाच पात्र आवडत असेल तर?

स्पीडी गोन्झालेस हा मेक्सिकन उंदीर पाहा. 1999 मध्ये कार्टून नेटवर्कने त्याचे भाग दाखवणं थांबवलं. मग लॅटिन अमेरिकन नागरिकांच्या एका मोठ्या संघटनेनेच त्याला परत आणण्याची मागणी केली आणि 2002 मध्ये तो परतला. त्याच्या चाहत्यांना त्यात चतुर, शूर, मांजराला दरवेळी चकवणारा आपला माणूस दिसतो. आक्षेप घेणाऱ्यांना त्याच्या मागे पेंगत पडलेले बाकीचे उंदीर दिसतात. दोघांचंही दिसणं खरं आहे. अशा वेळी बाहेरच्यांनी परस्पर निकाल देऊ नये, त्या समाजातल्या वेगवेगळ्या लोकांना विचारावं आणि त्यांच्यात मतभेद असणार हे धरून चालावं.

चांगला साचा असेल तर काय बिघडलं? 'आशियाई मुलं गणितात हुशार' यात अपमान कुठे आहे?

गणित न येणाऱ्या आशियाई मुलाला विचारा. साचा कौतुकाचा असला तरी माणसाची जागा आधीच आखून टाकतो.

मग जुनी कार्टूनं बंदच करावीत का?

नाही. पण होती तशी मुलांपुढे सोडून देणंही बरोबर नाही.

1968 मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नर ब्रदर्सची अकरा कार्टूनं टीव्हीवरून कायमची बाजूला काढली, कारण त्यांत वांशिक टिंगल इतकी मुरलेली होती की कापण्यासारखं वेगळं काही नव्हतं. अभ्यासकांना ती पाहता यायला हवीत. डिस्नेने उलट मार्ग धरला होता: 1940 च्या 'फँटेशिया'मधली, गोऱ्या सेंटॉर (अर्ध्या माणूस, अर्ध्या घोडा) मुलींच्या खुरांना पॉलिश करणारी काळी सेंटॉर मुलगी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून गाजावाजा न करता कापली गेली. हा मला सगळ्यांत वाईट मार्ग वाटतो. कुणाची चूक कबूल झाली नाही, कुणी काही शिकलं नाही.

वॉर्नरने पुढे जुन्या संग्रहांना सूचना जोडली: हे चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही आहे, पण ते लपवणं म्हणजे हे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणण्यासारखं होईल. डिस्नेने 2020 मध्ये अशाच आशयाची सूचना 'पीटर पॅन', 'डम्बो', 'द ॲरिस्टोकॅट्स' अशा चित्रपटांआधी लावली आणि 2021 मध्ये आपल्या डिस्ने प्लस या ऑनलाइन सेवेतल्या लहान मुलांच्या प्रोफाइलमधून ते काढले. मोठ्यांसोबत बसून पाहता येतात. ही व्यवस्था मला पटली.

जाहिराती, बातम्या, गेम, एआयची चित्रं: तिथेही हेच का?

तिथेही हेच, फक्त वेग जास्त. ब्रिटनमध्ये जून 2019 पासून अपायकारक लिंगभेदी साचे दाखवणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. एआयने काढलेल्या चित्रांकडे विशेष लक्ष द्यावं, कारण ते यंत्र जुन्या चित्रांवरच शिकलेलं असतं आणि 'डॉक्टर' किंवा 'गुन्हेगार' म्हटल्यावर कोणाचा चेहरा काढायचा हे तिथूनच उचलतं.

मुलांसोबत पाहताना काय बोलावं?

भाषण देऊ नये. भाग संपल्यावर एखादाच प्रश्न पुरे: 'हा असा का बोलतो?', 'या गोष्टीत मुली किती होत्या?', 'वाईट माणूस कोण हे तुला कधी कळलं, त्याने काही करायच्या आधीच का?' शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. मुलं लगेच सांगतात, 'तो दिसतोच तसा.' मग 'तसा म्हणजे कसा?' एवढं विचारलं की पुढचं काम ती स्वतः करतात. मूल हसलं म्हणून त्याला लाज वाटायला लावू नका. त्याने हसावं यासाठीच ते चित्र काढलेलं होतं.

मी स्वतः पात्रं काढते किंवा लिहिते. मी काय सांभाळू?

पात्रांची यादी समोर ठेवून अदलाबदल करून पाहा. विनोदी मित्र मुलगी केली तर? शास्त्रज्ञ जाडी बाई केली तर? कथा मोडत नसेल, तर आधीची निवड सवयीतून आलेली होती. एखाद्या समाजाचं एकच पात्र असेल तर दुसरं आणा, आणि दुसऱ्याचा स्वभाव पहिल्याच्या उलट ठेवा. चेहरा काढताना जुन्या कार्टूनवरून काढू नका, खऱ्या माणसांचे फोटो पुढ्यात घ्या. एकाच समाजाची दहा नाकं दहा तऱ्हेची असतात.

आणि ज्यांची गोष्ट सांगताय त्यांना लवकर बोलवा, पटकथा कच्ची असतानाच. पिक्सारचा 'कोको' बनत असताना 2013 मध्ये डिस्नेने मेक्सिकोच्या मृतांच्या सणाचं नावच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला होता. लोक खवळले, अर्ज मागे घ्यावा लागला. त्यावर झोंबणारं व्यंगचित्र काढणाऱ्या लालो अल्काराझ यांनाच पुढे स्टुडिओने सल्लागार म्हणून घेतलं. चित्रपट 2017 मध्ये आला आणि त्यात आज्या, पणज्या, गायक, चांभार, ठग, लबाड, प्रेमळ असे सगळे मेक्सिकनच आहेत.